रास्नेला काचघर नको

कुंभकोणमलगतच्या मरुदानल्लूरसारख्या गावात कुणाला घरी ऑर्किड लावावेसे वाटले, तर बाजारात मिळणारी बहुतेक पुस्तके त्याला फारशी मदत करत नाहीत. काचघर, तापमान राखणारी यंत्रे, शेवाळाने भरलेल्या कुंड्या, खिडकीतले कोवळे ऊन, हे सारे युरोप-अमेरिकेतल्या थंडीशी झगडणाऱ्या माणसासाठी लिहिलेले असते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात थंडीचा प्रश्न उद्भवतच नाही. चिपळूणला किंवा नागपूरलाही तो फारसा नाही. तरीही आपल्याकडचा हौशी माणूस ऑर्किड म्हणजे नाजूक, परदेशी, सतत ओलाव्यात ठेवायची वनस्पती असे धरून चालतो, महागडी कुंडी आणतो, तिला रोज पाणी घालतो आणि काही महिन्यांत मुळे कुजून ती मेली की इथल्या हवेला दोष देतो. हा समज एकाच जातीच्या आधाराने नीट तपासून पाहण्यासारखा आहे. ती जात म्हणजे रास्ना. शास्त्रीय नाव व्हॅन्डा टेसेलाटा. माझे म्हणणे असे की उष्ण मैदानातल्या या ऑर्किडला मुळांभोवती खेळती हवा, भरपूर उजेड आणि वर्षातून काही महिने कोरडी विश्रांती एवढेच लागते, आणि या तिन्ही गोष्टी अंगणातल्या झाडाच्या खोडावर जितक्या सहज मिळतात तितक्या कुंडीत मिळणे कठीण. आपण तिला मारतो ते दुर्लक्षाने क्वचित. बहुधा अती काळजीने.

रास्ना निवडण्याचे कारण तिचा विस्तार. भारताच्या मैदानी आणि डोंगरपायथ्याच्या मोठ्या भागात, श्रीलंकेत, बंगालपासून ब्रह्मदेशापर्यंत ती वाढते. महाराष्ट्रात कोकणातल्या जुन्या आंब्यांवर ती सापडते आणि विदर्भातल्या मोहांवरही. विल्यम रॉक्सबर्गने १७९५ साली ‘प्लँट्स ऑफ द कोस्ट ऑफ कोरोमंडल’ या ग्रंथात एपिडेंड्रम टेसेलाटम या नावाने तिचे वर्णन आणि चित्र छापले. त्या ग्रंथाच्या नावात जो किनारा आहे, त्याच्याच मागच्या सपाट मुलखात कुंभकोणम आणि मरुदानल्लूर येतात. त्याच काळात कलकत्त्यात विल्यम जोन्सने संस्कृतातला ‘वंदा’ हा शब्द या वनस्पतीसाठी उचलला होता. १८२० साली रॉबर्ट ब्राऊनने तो प्रजातीचे नाव म्हणून पक्का केला. सारांश, ज्या व्हॅन्डा प्रजातीच्या संकरांवर आज थायलंड आणि सिंगापूरचा मोठा फुलव्यापार उभा आहे, त्या प्रजातीची ओळख जगाला झाली ती आपल्या या साध्या रास्नेवरून. मरुदानल्लूर मराठी वाचकाला अगदी परके नाही. तंजावरच्या भोसल्यांचा हा मुलूख, आणि ज्या भजनपद्धतीची घडी मरुदानल्लूरच्या सद्गुरू स्वामींनी बसवली तिच्यात मराठी अभंगांनाही जागा आहे. इथे आणि महाराष्ट्रात एकच वनस्पती रानात वाढते, पण पाऊस मात्र वेगवेगळ्या महिन्यांत पडतो. ही गोष्ट लागवडीच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे पुढे वळायचेच आहे.

आधी ‘उष्ण म्हणजे दमट’ ही समजूत आली कुठून ते पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला उष्ण देशांतून इंग्लंडला ऑर्किडे जहाजांनी येऊ लागली आणि हजारोंनी मरू लागली. जॉन लिंडली हा त्या काळातला या कुळाचा सर्वांत मोठा जाणकार. १८३०च्या सुमारास त्याने लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीला दिलेला सल्ला असा होता, की या वनस्पतींना तीव्र उष्णता, गर्द सावली आणि सतत ओलावा द्यावा. संग्राहकांनी पाठवलेल्या वर्णनांतून त्याने जंगल जाणले होते, आणि ती वर्णने जंगलाच्या जमिनीवर उभे राहून केलेली होती. ऑर्किडे वर, फांद्यांवर, वाऱ्यात आणि उजेडात राहतात, हे त्या हिशेबातून निसटले. बागवानांनी सल्ला पाळला, कोंदट तापलेली काचघरे बांधली, आणि इंग्लंड हे उष्णकटिबंधातल्या ऑर्किडांचे थडगे आहे असे बोलले जाऊ लागले. जोसेफ पॅक्स्टनने चॅट्सवर्थला हवा खेळती ठेवली, उष्णता कमी केली, एकेका हवामानातल्या वनस्पती वेगळ्या केल्या, तेव्हा कुठे झाडे जगू लागली. तिकडे हा धडा पुढच्या काही दशकांत सर्वांनी घेतला. पण कोंदट काचघराचे चित्र लोकांच्या मनात राहिले, आणि ते पुस्तकांबरोबर आपल्याकडेही आले. ज्या देशात ही झाडे उघड्यावर वाढतात तिथल्या माणसाने त्यांना ओली सावली द्यावी, हा त्या जुन्या चुकीचाच अवशेष आहे.

रास्नेचे शरीर पाहिले तर ती कोणत्या हवेसाठी घडली आहे याबद्दल शंका उरत नाही. तिला एकच खोड असते, ते टोकाकडून वर वाढत राहते, आणि दोन्ही बाजूंना समोरासमोरच्या ओळींत पट्ट्यासारखी जाड, चिवट, मधोमध पन्हळीसारखी दुमडलेली पाने येतात. त्यांची टोके कुरतडल्यासारखी असतात. पाणी साठवायला डेंड्रोबियमसारखा फुगीर कंद नाही, म्हणून साठ्याचे काम ही जाड पाने आणि मुळे करतात. खोडातून निघणारी मुळे लांब, करंगळीपेक्षा थोडी बारीक आणि हवेत लोंबणारी. त्यांच्यावर मृत पेशींचे पांढरे आवरण असते, त्याला व्हेलामेन म्हणतात. पावसाची सर येताच ते स्पंजासारखे पाणी ओढून घेते आणि हिरवट दिसू लागते. सुकले की पुन्हा चंदेरी पांढरे. हे आवरण पाणी झटकन घेण्यासाठी आहे, पाण्यात बसून राहण्यासाठी नाही. दोन सरींच्या मध्ये ते सुकले नाही तर आतल्या जिवंत भागाला हवा मिळत नाही, बुरशी शिरते आणि मूळ मऊ पडते. शिवाय व्हॅन्डाच्या जाड पानांच्या जाती आपली पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडतात, तेव्हाच कर्बवायू आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा रंध्रे मिटून त्यावर काम करतात. निवडुंग आणि अननसही असेच वागतात. ही सारी सोय पाण्याच्या टंचाईसाठी आहे. विदर्भातल्या मोहावर रास्ना वाढते ते ध्यानात घ्या : मोहाची पाने फेब्रुवारी-मार्चात गळतात, तेव्हा रास्नेवर थेट ऊन पडते, उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाकडे जातो, पाऊस महिनोन् महिने नसतो. अशा ठिकाणी जगणाऱ्या झाडाला बाथरूमच्या खिडकीत ठेवण्यामागे कोणताच तर्क नाही.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. रानात जगणे वेगळे आणि बागेत चांगले वाढणे वेगळे. जंगलातले झाड टंचाई सोसते म्हणून आपणही त्याला टंचाईच द्यावी का? उत्तर असे, की टंचाई सोसायला लावायची नाही, पण तिची वेळ ओळखायची. रास्नेचे वर्ष दोन भागांचे आहे. वाढीच्या काळात मुळांची टोके चमकदार हिरवी, ओलसर दिसतात. तेव्हा तिला पाणी आणि अन्न भरपूर हवे. विश्रांतीच्या काळात तीच टोके पांढऱ्या आवरणाने मिटून जातात. तेव्हा दिलेले खत वाया जाते आणि जास्तीचे पाणी घातक ठरते. ही खूण इतकी स्पष्ट आहे की कॅलेंडर पाहायची गरज पडू नये. पण पुस्तकांत महिने दिलेले असतात, आणि तिथेच फसगत होते. रत्नागिरीला वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर जातो आणि त्यातला जवळजवळ सारा जून ते सप्टेंबरात कोसळतो. पुण्याला सातशे-साडेसातशे मिलिमीटर, तोही मुख्यतः त्याच महिन्यांत. मरुदानल्लूरला साधारण हजाराच्या आसपास, पण त्यातला मोठा वाटा ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. जून-जुलैत कोकणात मुळे झपाट्याने वाढत असतात, तेव्हा कावेरीच्या मैदानात उन्हाचा कडाका असतो आणि पाऊस म्हणजे संध्याकाळची एखादी वळवासारखी सर. म्हणून महाराष्ट्रातली बागवानीची दिनदर्शिका तमिळनाडूला लागू होत नाही, आणि बंगळूरच्या किंवा सिंगापूरच्या लेखकाची दोन्हीकडे होत नाही. मरुदानल्लूरला जानेवारी ते मार्च हा विश्रांतीचा खरा काळ. पुण्यात तो नोव्हेंबरात सुरू होतो आणि थंडीमुळे अधिक गाढ असतो.

आता प्रत्यक्ष लागवड. झाड निवडताना सालीकडे पाहावे. खडबडीत, भेगाळ, दरसाल न सुटणारी साल हवी : आंबा सर्वांत चांगला, त्याखालोखाल फणस, चिकू, जांभूळ, चिंच, बूच, आणि शहरांतल्या रस्त्यांवरचा पर्जन्यवृक्ष. पेरू, अर्जुन, निलगिरी यांची साल पापुद्र्यांनी सुटते, त्यामुळे चिकटलेले मूळ सालीसकट खाली येते. ऑर्किड आणि त्याचे झाड यांचे नाते जुन्या लोकांच्या चांगले लक्षात आलेले होते. ‘हॉर्टुस मलाबारिकुस’च्या १६९३ सालच्या बाराव्या खंडात आज आपण सीतेची वेणी म्हणतो त्या ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसाचे चित्र आहे, आणि तिथे दिलेल्या मलबारी नावातच अंजिली, म्हणजे रानफणस, हे तिचे आश्रयाचे झाड येते. या ग्रंथाला माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन वैद्यांबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे कोचीनचे तीन कोकणी वैद्य होते, आणि त्यांचे नागरी लिपीतले कोकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. वनस्पती ओळखताना ती कशावर वाढते हे आधी विचारणारी ही माणसे आजच्या कुंडीप्रेमी बागवानापेक्षा ऑर्किडाच्या अधिक जवळ होती, असे मला वाटते.

रोप खोडावर बांधायची जागा माणसाच्या डोक्याच्या उंचीच्या थोडी वर, पूर्वेला किंवा ईशान्येला तोंड असलेली असावी, म्हणजे सकाळचे ऊन थेट मिळते आणि दुपारनंतरची पश्चिमेची भाजणी पानांवर येत नाही. आडव्या फांदीपेक्षा उभे किंवा तिरके खोड बरे, कारण पानांच्या बेचक्यात आणि शेंड्यात पाणी साचून राहत नाही; शेंडा कुजला की एकखोडी व्हॅन्डाची वाढ तिथेच थांबते, बाजूने फुटवा आलाच तर नशीब. मुळे सालीला टेकतील असे रोप धरावे आणि सुती दोरीने किंवा जुन्या सुती कापडाच्या पट्टीने घट्ट बांधावे. घट्ट यासाठी, की रोप वाऱ्याने हलत राहिले तर मुळांची कोवळी टोके घासून मोडतात आणि पकड कधीच बसत नाही. सुती यासाठी, की वर्षा-दीड वर्षात मुळे चिकटतात आणि तोवर दोरी आपोआप कुजून जाते. नायलॉन तसाच राहून खोडात रुततो. मुळांवर माती, शेण, नारळाच्या काथ्याचा जाड थर यांपैकी काहीही लिंपू नये. महाराष्ट्रात हे काम मृगाच्या पहिल्या सरींनंतर करावे. मरुदानल्लूरला ते ऑगस्ट-सप्टेंबरात उरकावे, कारण तेव्हा अधूनमधून सरी असतात, ऊबही असते, आणि ऑक्टोबरचा संततधार पाऊस येईपर्यंत नवी मुळे सालीवर चढलेली असतात. ऐन ईशान्य मोसमात बांधलेल्या रोपाच्या जखमा सुकत नाहीत. पहिल्या उन्हाळ्यात एक दिवसाआड सकाळी पाणी मारावे लागते, दुसऱ्यात आठवड्यातून दोनदा पुरते, आणि तिसऱ्या वर्षापासून रोपाने झाडाचा अर्धा घेर मुळांनी धरला असेल तर ते बहुधा स्वतःचे स्वतः पाहते.

अंगण नाही, झाड नाही, चौथ्या मजल्यावरची गॅलरी आहे, अशा माणसाला हे सारे सांगून काय उपयोग? हा आक्षेप मोठ्या संख्येचा आहे, कारण शहरातले बहुतेक हौशी लोक याच स्थितीत आहेत. तिथे लाकडी पट्ट्यांची उघडी टोपली टांगावी आणि तिच्यात लाकडी कोळशाचे मोठे तुकडे, फुटक्या कौलांचे खापर एवढेच ठेवावे. तेही झाड उभे राहण्यापुरते. मुळे टोपलीबाहेर येऊन लोंबू लागली की ती पुन्हा आत कोंबू नयेत. पुण्याच्या उन्हाळ्यात हवेतली आर्द्रता फार खाली जाते, तेव्हा टोपलीतल्या रास्नेला रोज, कधी दिवसातून दोनदा पाणी लागते, पण प्रत्येक वेळी तासा-दोन तासांत मुळे पांढरी झाली पाहिजेत. पानांचा रंग हा उजेडाचा सर्वांत खात्रीचा मापक आहे : गर्द हिरवी, लांब, लुळी पाने म्हणजे उजेड कमी, फिकट हिरवी, आखूड, ताठ पाने म्हणजे योग्य, पिवळट आणि जांभळट छटा म्हणजे ऊन जरा जास्त. फुले येत नाहीत अशी बहुतेक तक्रार पहिल्या प्रकारच्या पानांच्या झाडांबद्दलच असते. निम्मे ऊन अडवणारी हिरवी जाळी रास्नेला पुरते. त्याहून दाट नको. खत म्हणून बाजारात मिळणारे १९:१९:१९ लिटरभर पाण्यात अर्धा ते एक ग्रॅम, वाढीच्या काळात आठवड्यातून एकदा, आणि अधूनमधून साध्या पाण्याने मुळे धुऊन काढणे. बोअरचे जड पाणी सतत वापरले तर मुळांवर क्षारांचा पांढरा थर बसतो आणि व्हेलामेनचे काम बंद पडते. पावसाचे पाणी साठवता येत असेल तर त्याच्या तोडीचे दुसरे काही नाही. कीड म्हणाल तर पानांच्या बुंध्याशी खवले कीड आणि पावसाळ्यात मुळांची टोके कुरतडणाऱ्या गोगलगाई. पहिलीला कडुलिंबाचे तेल, दुसरीला रात्री बॅटरी घेऊन वेचणे. गॅलरीत रास्ना चांगली जमते, यात शंका नाही. फक्त तिथे वाऱ्याचे आणि पावसाचे काम आपल्याला करावे लागते आणि चूक व्हायला जागा अधिक असते. ज्याच्या सोसायटीच्या आवारात एखादा आंबा किंवा पर्जन्यवृक्ष आहे त्याने सभासदांची परवानगी काढून तिथेच बांधावी, हे मी अधिक पसंत करीन.

झाडावर ऑर्किड बांधले की झाड वाळते, ही भीती खेड्यांत आणि शहरांत सारखीच आढळते, आणि तिचे कारण समजण्यासारखे आहे. बांडगुळाने पोखरलेले आंबे सगळ्यांनी पाहिलेले असतात. बांडगूळ आपली शोषकमुळे फांदीच्या आत घालून तिचे पाणी आणि क्षार ओढते, आणि दुर्लक्ष केले तर फांदी खरोखरच मरते. रास्नेची मुळे सालीच्या बाहेरच चिकटलेली असतात. झाडाच्या आतल्या रसाला ती स्पर्शही करत नाहीत. त्यांना मिळते ते पावसाचे पाणी, त्यातून वाहून आलेली धूळ, सडलेल्या पानांतले आणि पक्ष्यांच्या विष्ठेतले क्षार. मराठीत अशा वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात. शंका असेल त्याने एक मूळ हलक्या हाताने सोडवून खालची साल पाहावी; तिथे जखम सापडत नाही. फार मोठ्या झुपक्यांचे वजन वाळक्या फांदीला जड होऊ शकते एवढे मान्य करावे, पण एखाद-दुसऱ्या रास्नेबद्दल तो प्रश्न येत नाही.

याहून खोल आक्षेप सौंदर्याचा आहे. बाजारात थायलंडहून येणारे तळहाताएवढ्या निळ्या-जांभळ्या फुलांचे व्हॅन्डा आणि कमी किमतीत मिळणारे फॅलेनॉप्सिस असताना चार-पाच सेंटिमीटरच्या, पिवळट हिरव्या पाकळ्यांवर तपकिरी चौकटी असलेल्या रास्नेसाठी कुणी चार वर्षे का थांबावे? मला हा आक्षेप चुकीच्या मोजपट्टीचा वाटतो. रास्नेच्या पाकळ्यांची मागची बाजू पांढरी, पुढची जाळीदार, आणि मधला ओठ निळसर जांभळा. एका दांड्यावर पाच-दहा फुले. रंगसंगती शांत आहे आणि जवळ गेल्याशिवाय कळत नाही. पण तिला सुगंध आहे, जो बाजारातल्या बहुतेक भडक संकरांना नाही. संकर करणाऱ्यांना हे चांगले ठाऊक आहे. ‘मिमी पामर’ या आग्नेय आशियात लोकप्रिय असलेल्या सुगंधी व्हॅन्डाचे एक पालक रास्नाच आहे, आणि त्याचा वास तिच्याकडूनच आलेला. शिवाय सौंदर्याचा हिशेब एका हंगामापुरता करायचा नसतो. दुकानातले फॅलेनॉप्सिस आपल्या उन्हाळ्यात बहुधा फुलांच्या एका बहरानंतर फेकले जाते. आंब्यावर रुजलेली रास्ना दर उन्हाळ्याच्या शेवटी किंवा पावसाच्या तोंडावर फुलते आणि दर वर्षी थोडी मोठी होते. विकत घेऊन टाकून द्यायची फुले आणि आपल्या अंगणात वय वाढवणारे झाड यांची तुलना किमतीवर करता येत नाही.

आता सर्वांत कठीण आक्षेप. रास्ना लावा असे लिहिले की लोक ती रानातून ओरबाडून आणतील, हे खरे आहे. आधीच तिच्यावर दोन बाजूंनी ताण आहे. जुनी झाडे तोडली जातात तेव्हा त्यांच्यावरची ऑर्किडे त्यांच्याबरोबर जातात. आणि औषधासाठी मुळे काढली जातात. आयुर्वेदात रास्ना वातरोगांवरची प्रसिद्ध वनस्पती आहे, महारास्नादि काढा अनेक घरांत माहीत असतो. पण रास्ना म्हणून उत्तर भारतात प्लुचिया लॅन्सिओलाटा हे जमिनीवरचे झुडूप वापरतात, दक्षिणेत आल्याच्या कुळातले चित्तरत्तै, आणि बंगालकडे हे ऑर्किड. अधिकृत आयुर्वेदिक औषधिकोशाने प्लुचियालाच रास्ना मानले आहे. म्हणजे एका संथ वाढणाऱ्या ऑर्किडची मुळे ओरबाडून काढल्याशिवाय औषध अडते असे म्हणता येत नाही, आणि तमिळ वैद्यकाने ती न वापरता शेकडो वर्षे काम चालवले आहे. कायद्याची बाजूही पाहू. संपूर्ण ऑर्किड कुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स करारात नियंत्रित आहे. वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या वनस्पतींच्या अनुसूचीत निळा व्हॅन्डा, तांबडा रेनँथेरा आणि पॅफिओपेडिलमच्या जाती आहेत. रास्ना तिच्यात नाही. पण राखीव वनातून कोणतीही वनस्पती परवानगीशिवाय उचलणे १९२७च्या वन कायद्याने गुन्हाच ठरते. आंबोलीच्या किंवा दापोलीच्या रस्त्यावर विकायला बसलेल्या माणसाकडून ओल्या पोत्यातली रास्ना घेणे म्हणजे एक झाड वाचवणे असे काहींना वाटते. प्रत्यक्षात ती पुढच्या दहा झाडांची मागणी असते, आणि तोडलेल्या मुळांची ती रोपे बहुधा वर्षभरातच जातात. वादळात पडलेल्या फांदीवरचे, स्वतःच्या आवारात तोडलेल्या झाडावरचे रोप उचलून दुसऱ्या खोडावर बांधायला मात्र कुणाचीच हरकत नसावी.

मग रोपे आणायची कुठून? उत्तर प्रयोगशाळेतून, आणि ते वाटते तितके दूरचे नाही. ऑर्किडाच्या एका बोंडात धुळीसारख्या हजारो-लाखो बिया असतात, पण प्रत्येकीत अन्नाचा साठा जवळजवळ शून्य. निसर्गात त्या रुजतात त्या विशिष्ट बुरशी भेटल्यावरच. नोएल बर्नार फ्रान्समध्ये १८९९ साली या निष्कर्षावर आला. १९२२ साली अमेरिकेत कॉर्नेलच्या ल्युइस नडसनने दाखवले की बुरशीशिवाय, साखर आणि क्षार घातलेल्या आगरवरही बी रुजते. आजचा सारा ऑर्किडव्यापार त्या शोधावर उभा आहे. व्हॅन्डाच्या बाबतीत बियांचा मार्ग विशेष महत्त्वाचा, कारण एकच शेंडा असल्याने तो कापून उतिसंवर्धन करणे म्हणजे मूळ झाड पणाला लावणे. केरळात पालोड येथील जवाहरलाल नेहरू उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेने व्हॅन्डा स्पॅथुलाटा ही दक्षिणेतली पिवळी जात काचेच्या नळीत वाढवून पुन्हा रानात लावली. तिथल्या शास्त्रज्ञांचे काम २००३ साली प्रसिद्ध झाले. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे येरकाडचे ऑर्किड उद्यान तमिळनाडूतच आहे. महाराष्ट्रातल्या ऑर्किडांची नोंद सांतापाव आणि कापडिया यांनी १९६६च्या ‘ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ या ग्रंथात केली, त्यामुळे कोणती जात कुठे वाढते याचे ज्ञान आपल्याकडे कधीच कमी नव्हते. कमी आहे ते देशी जातींच्या रोपांचे उत्पादन. परदेशी संकरांना बाजार आहे म्हणून त्यांची रोपे ढिगाने मिळतात, रास्नेची क्वचितच.

हे बदलण्यासाठी नवे काही उभारावे लागणार नाही, या मुद्द्यावर मी ठाम आहे. जळगावच्या केळीने महाराष्ट्राला उतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळांची सवय लावली. ग्रँड नैन केळीची रोपे घेणारा शेतकरी आज बाटलीतल्या रोपाला बिचकत नाही. मरुदानल्लूरच्या बाजूलाही परिस्थिती तीच : कावेरीकाठ केळीचा मुलूख आहे आणि राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र तिरुचिरापल्लीला, कुंभकोणमहून काही तासांच्या अंतरावर आहे. निर्जंतुक हवेचा कक्ष, वाफेचे निर्जंतुकीकरण यंत्र, आगर, मोजके क्षार, उजेडाची मांडणी, हे सारे केळीसाठी बसवलेलेच असते. ऑर्किडाचे बी पेरायलाही तेच लागते. फरक वेळेचा. केळीचे रोप काही महिन्यांत शेतात जाते, रास्नेच्या बाटलीपासून फुलापर्यंत चार ते सहा वर्षे लागतात, म्हणून धंद्याच्या हिशेबात ती बसत नाही आणि कृषी विद्यापीठांनी, वन विभागाने किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाने हे काम हाती घ्यावे लागते. पद्धत अवघड नाही. दोन वेगवेगळ्या झाडांच्या फुलांचा परागसंकर हाताने करायचा, बोंड उकलण्याआधी हिरवे असतानाच उतरवायचे, वरून निर्जंतुक करून निर्जंतुक कक्षात कापायचे आणि आतली बारीक पूड माध्यमावर पसरायची. बोंड न फुटलेले असल्याने आतल्या बिया निर्जंतुकच असतात, हा त्यातला मोठा फायदा. अंगणात आधीपासून रास्ना फुलत असलेल्या माणसाने एवढे करावे, की दर वर्षी एक-दोन बोंडे जाणून धरू द्यावीत, बाकीची खुडावीत म्हणजे झाड थकत नाही, आणि हिरवे बोंड जवळच्या अशा विभागाकडे पोचवावे. एका बोंडातून निघणारी काहीशे रोपे एखाद्या गावातल्या सगळ्या आंब्यांना पुरतील, आणि त्यासाठी रानातल्या एकाही फांदीला हात लावावा लागणार नाही.